लहरींचा सरवा

आमच्या लोणखेड्याच्या घरात एक ट्रान्झिस्टर होता. चामड्याच्या कव्हरातला, खांद्याला अडकवता येईल असा. रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला की सगळ्या मोहल्ल्याचे डोळे पश्चिमेला लागायचे. आभाळ ढगाळ असलं तर चांद दिसायचा नाही, आणि मग डोळ्यांचं काम कानांवर यायचं. कुठल्या तरी दूरच्या शहरात चांद दिसला असेल, तर ती बातमी रेडिओच सांगणार. अब्बा ट्रान्झिस्टर हातात धरून हळूहळू गोल फिरायचे. एका विशिष्ट दिशेला तोंड केलं की खरखर कमी व्हायची आणि माणसाचा आवाज वर यायचा.

त्या संध्याकाळची तयारी मात्र दुपारपासून चालायची. ट्रान्झिस्टरचे सेल संपत आलेले असायचे आणि नवे घ्यायला ईदच्या खर्चातून पैसा निघायचा नाही. मग अम्मी ते सेल काढून कौलांवर उन्हात ठेवायची. उन्हात तापलेले सेल तास-दोन तास पुन्हा जिवंत होतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी अनुभवलं असेल. उष्णतेनं सेलमधली मंदावलेली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, इतकंच त्याचं शास्त्र. ऊन काही सेलमध्ये भरलं जात नाही. पण आम्हा मुलांना वाटायचं, सूर्याचा उजेड आत शिरला आणि आता तोच बोलतो आहे. आज मागं वळून पाहताना वाटतं, आमची समजूत चूक होती, पण अगदीच अवेळी नव्हती. सेलच नसलेली, उजेड, ऊब, हादरे किंवा हवेतल्या रेडिओलहरी यांच्यावर जगणारी यंत्रं आता खरोखरच आली आहेत. त्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियमही जगभर लिहिले जात आहेत. आजचं माझं बोलणं त्या नियमांच्या इतिहासाविषयी आहे.

कवी माणसानं यात का पडावं, असं कुणी विचारील. कारण एक शब्द आहे. इंग्रजीत या प्रकाराला ऊर्जेची कापणी म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. कापणी पेरणाऱ्याची असते. ही यंत्रं काही पेरत नाहीत. दुसऱ्यानं, दुसऱ्याच कामासाठी पसरलेल्या लहरींमधला उरलासुरला दाणा ती टिपतात. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, सरवा. भुईमूग काढून झाला, मालकाच्या गाड्या घरी गेल्या, की बायका-पोरं वावरात उतरतात आणि मातीत राहिलेल्या शेंगा वेचतात. तो सरवा. सरव्यालाही कायदे असतात, लिहिलेले नसले तरी. मालकाचं आटोपल्याशिवाय वावरात पाऊल टाकायचं नाही. उभ्या पिकाला हात लावायचा नाही. आणि एक कायदा सगळ्यांच्या वरचा: ज्या शिवारात पीकच झालं नाही, तिथं सरवाही नाही.

हा शेवटचा कायदा मी शाळेत शिकलो. विज्ञानाच्या गुरुजींनी आम्हाला बिनसेलचा रेडिओ करून दाखवायचं ठरवलं. पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर तांब्याची तार गुंडाळली, एक बारीक डायोड जोडला, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरचा कान लावला. निंबाच्या झाडापासून शाळेच्या छपरापर्यंत लांब तार ताणली आणि दुसरी तार जमिनीत पुरली. झालं, एवढाच रेडिओ. यात वीज कुठून येते, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, जे ऐकायचं आहे तेच वीज घेऊन येतं. हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही. आम्ही रांगेनं कान लावला. काहीच नाही. कुणाला वाटलं काहीतरी गुणगुणतंय, पण ती गांधीलमाशी होती.

रेडिओ बिघडलेला नव्हता. आमच्या जवळचं केंद्र जळगावचं, आणि तेही सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर. पुढं कित्येक वर्षांनी मुंबईत मालाडला, आकाशवाणीच्या प्रक्षेपण मनोऱ्यांपासून जवळ राहणाऱ्या एका मित्राच्या घरी असाच खटाटोप आम्ही केला. दोन हात तार खिडकीबाहेर सोडली आणि बातम्या इतक्या खणखणीत ऐकू आल्या की मला लोणखेड्याच्या त्या निंबाच्या झाडाची कीव आली.

या खेळाचं मूळ आपल्याच देशात आहे. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना म्हणजे शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून लहरी ओळखणारं उपकरण केलं आणि त्याच्या अमेरिकन पेटंटसाठी १९०१ मध्ये अर्ज गेला. १९०४ मध्ये ते मंजूर झालं. पेटंट-बिटंट घेणं बोसांना फारसं मानवत नव्हतं. पण अर्धवाहकाच्या उपकरणाचं ते पहिलं पेटंट मानलं जातं. स्फटिकाचा गुण असा की तो विजेला एका बाजूनंच जाऊ देतो, आणि त्यामुळं लहरीवर स्वार झालेला आवाज तिच्यातून उतरवून घेता येतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर सैनिकांनी गॅलेनाऐवजी दाढीचं पातं आणि पेन्सिलीचं शिसं वापरून खंदकात असे रेडिओ केले. सेल नाही, म्हणून शत्रूला सुगावाही नाही.

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. केंद्राची ताकद दीड किलोवॅट, परिणामकारक टप्पा सुमारे तीस मैल. म्हणजे ठाणं-कल्याणपर्यंत ठीक. त्यापुढं कसाऱ्याचा घाट चढून खानदेशात यायला त्या लहरीत त्राण नव्हतं. रेडिओ ऐकण्यासाठी वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागे आणि त्यातले आठ रुपये कंपनीला मिळत. सुरुवातीला साऱ्या देशात परवानेधारक हजाराच्या आसपास होते. कंपनीचा गाशा १९३० च्या मार्चमध्ये गुंडाळला गेला तेव्हाही आकडा आठ हजारांच्या आतच होता. शहरातल्या अशा थोड्या माणसांपुरती ही चैन. परवान्याची पद्धत मात्र पुढं ऐंशीच्या दशकापर्यंत टिकली. अब्बांचं परवान्याचं पुस्तक मी पाहिलेलं आहे. पोस्टात जाऊन त्यावर तिकिटं चिकटवून आणावी लागत. आपल्या अंगणातून जाणारी लहर नुसती ऐकायची, तरी त्याची नोंद सरकारी पुस्तकात.

खेड्यांसाठीचा प्रयत्न पुण्यानं केला. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास कार्यक्रम, एकूण वीस कार्यक्रम. वीसेक माणसं एकत्र बसून ऐकायची, मग चर्चा करायची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याची पाहणी केली. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूरथ यांचं त्यावरचं पुस्तक युनेस्कोनं १९५९ मध्ये काढलं. या प्रयोगातलं खरं मोल मला वेगळ्याच गोष्टीत वाटतं. मंडळं आपले प्रश्न आणि निर्णय केंद्राकडे उलट कळवत आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळत. नुसतं ऐकणाऱ्याला पहिल्यांदाच बोलायची वाट सापडली. ती वाट टपालाची होती, हे खरं. लहरीवरून उलट बोलायचं तर स्वतःचा प्रक्षेपक हवा, त्याला वीज हवी, आणि विजेची तर गावात बोंब.

स्वतःजवळ वीज नसताना लहरीवरूनच उत्तर देता येईल का? येतं. ते पहिल्यांदा कुणी दाखवलं हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. ते हेरांनी दाखवलं.

४ ऑगस्ट १९४५ रोजी मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. मोठं देखणं काम. राजदूतांनी ते निवासस्थानातल्या आपल्या खोलीत भिंतीवर लावलं आणि सात वर्षं, एकामागून एक राजदूत त्याच्याखाली बसून गुपितं बोलत राहिले. त्या लाकडाच्या पोटात तांब्याची एक पोकळ डबी होती, तिच्या तोंडावर तलम पडदा आणि बाजूला वीतभर कांडी. ना सेल, ना तार. बाहेरून कुणीतरी त्या खोलीवर रेडिओलहर सोडायचं. खोलीत कुणी बोललं की पडदा थरथरायचा, आणि परत फिरणारी लहर त्या थरथरीनं बदललेली असायची. लहर बंद केली की डबी म्हणजे नुसती डबी. झडती घेणाऱ्याच्या हाती काय लागणार? १९५२ मध्ये ती सापडली आणि १९६० च्या मे महिन्यात अमेरिकेनं ती सुरक्षा समितीत सगळ्या जगासमोर उघडून दाखवली. तिचा कर्ता लिओन थेरेमिन. त्यानं हात न लावता वाजणारं वाद्यही केलं होतं आणि हे हेरगिरीचं यंत्र त्यानं कैदेत असताना केलं.

आरशानं कवडसा पाडण्याचा खेळ आठवून पाहा. आरशाजवळ उजेड नसतो. सूर्याचाच उजेड तो समोरच्या भिंतीवर टाकतो. आरसा हलवला की कवडसा हलतो, आणि हलत्या कवडशातून खूण करता येते. लहरींच्या बाबतीत हेच करायचं. १९४८ च्या ऑक्टोबरात हॅरी स्टॉकमन या अभियंत्यानं 'परावर्तित शक्तीनं संदेशवहन' या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहून या खेळाला शास्त्राची बैठक दिली. हेराच्या डबीविषयी तेव्हा जगाला काहीच माहीत नव्हतं. एकच कल्पना दोन ठिकाणी, एक अंधारात आणि एक उजेडात उगवली.

पुढची पंचवीस वर्षं ती कागदावरच राहिली, कारण आरसा हलवणारा मेंदू पुरेसा लहान आणि अल्पाहारी नव्हता. सत्तरच्या दशकात अणुबाँबसाठी प्रसिद्ध असलेल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत ती गुराढोरांच्या ओळखीसाठी वापरून पाहिली गेली. कोणती गाय कोणती, हे लांबून ओळखायचं. आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला देशभरातून घोडे येतात. घोड्याची पारख भोवऱ्यावरून, कानाच्या टोकावरून आणि चालीवरून करणारे जुने जाणकार तिथं अजून आहेत. पण नोंदणी झालेल्या घोड्याच्या मानेत आता तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी असते. वाचणारं यंत्र जवळ नेलं की त्याच्याच लहरीवर कुपीतली चिप जागी होते, आपला पंधरा आकडी क्रमांक सांगते आणि झोपी जाते. घोड्याच्या आयुष्यभर सेल बदलावा लागत नाही, कारण सेलच नाही. ही भाषा १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरली, म्हणूनच एका देशात टोचलेली कुपी दुसऱ्या देशातल्या यंत्राला वाचता येते.

मानक म्हणजे शेवटी बोलण्याचा करार. कोण आधी बोलणार, किती मोठ्यानं, कुणाचा नंबर कधी. अंगात ताकद असलेल्या यंत्रांनी हा करार मोडला तर गोंगाट होतो. अंगात ताकद नसलेल्या यंत्रांनी मोडला तर नुसती शांतता पसरते, आणि चूक कुणाची हे कळतही नाही.

सगळ्यात महत्त्वाचा करार २००४ च्या डिसेंबरात झाला. त्याच्या पाच वर्षं आधी अमेरिकेतल्या एमआयटीत काही संशोधक जमले होते. त्यांत आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी संजय सरमा होते. जगातल्या प्रत्येक वस्तूला, साबणाच्या वडीलासुद्धा, स्वतःचा क्रमांक आणि तो सांगणारी बिनसेलची चिप द्यायची असं त्यांचं स्वप्न होतं. त्या खटपटीतून जे मानक निघालं त्याला 'जेन टू' म्हणतात. ते मला फार आवडतं. कुणी हसेल, पण मी ते कविता वाचावी तसं समजून घेतलं आहे.

कल्पना करा, गोदामात एका खोक्यात दोनशे चिपा आहेत आणि वाचणाऱ्यानं हाळी दिली. सगळ्या एकदम बोलल्या तर कालवा. साखर कारखान्याच्या गव्हाणीवर उसाच्या गाड्यांची झुंबड उडते तेव्हा काय करतात? नंबराचे बिल्ले वाटतात. इथं बिल्ले वाटायला कुणी नाही, म्हणून प्रत्येक चिप स्वतःच मनात एक आकडा धरते. वाचणारा 'पुढचा' म्हणत जातो, तसतसा प्रत्येकजण आपला आकडा एकानं कमी करतो. ज्याचा शून्य झाला तो बोलतो, तेही स्वतःचं नाव नाही, सोळा बिटांचा एक आडाखा. वाचणाऱ्यानं तोच आडाखा परत म्हटला तरच चिप आपला खरा क्रमांक सांगते. दोघींचा शून्य एकदम झाला तर वाचणारा पुन्हा आकडे धरायला लावतो. या युक्तीचा पूर्वज हवाई बेटांवरचा. तिथं १९७१ मध्ये नॉर्मन ॲब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरचे संगणक एकाच लहरीवर जोडले, तेव्हा नंबर न लावता बोलणाऱ्यांची टक्कर कशी सोसायची याचा विचार पहिल्यांदा झाला.

आता यात ओझं कुणी उचललं ते पाहा. लहर पाठवायची वाचणाऱ्यानं. चिपला भाकरी द्यायची वाचणाऱ्यानं. क्षीण उत्तर गोंगाटातून निवडून काढायचं वाचणाऱ्यानं. गोंधळ झाला तर निस्तरायचा, तोही वाचणाऱ्यानंच. चिपच्या वाट्याला दहा-पंधरा मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटच्या दहा लाख भागांपैकी दहा-पंधरा भाग. त्यात तिनं फक्त आकडा मोजायचा आणि आरसा हलवायचा. ज्याच्याकडे आहे त्यानं उचलावं आणि ज्याच्याकडे नाही त्याला कमीत कमी मागावं, हे तत्त्व इतक्या स्वच्छ रीतीनं पाळलेलं मी माणसांच्या कायद्यात क्वचित पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र चिपला करता येत नाही. विचारल्यावर गप्प बसणं. लहर पडली की ती बोलणारच. २००३ मध्ये बेनेटन या कपड्यांच्या कंपनीनं कपड्यांत अशा चिपा घालण्याचं जाहीर होताच ग्राहकांनी कल्लोळ केला, अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाशी आपल्या नकळत बोलणार का, म्हणून. कंपनीनं माघार घेतली. 'जेन टू' मानकात चिपला कायमचं मारून टाकणारी एक आज्ञा आहे. बत्तीस बिटांचा परवलीचा शब्द अचूक उच्चारला की ती चिप पुन्हा कधीच बोलत नाही. तिला मौन पाळता येत नाही, फक्त मरता येतं. यावर मी एक कविता लिहायला घेतली होती. ती जमली नाही.

भारतात या भाषेला दार उघडलं ते २००५ च्या मार्चमध्ये. केंद्र सरकारनं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा लहरीपट्टा अशा ओळखचिपांसाठी परवान्याविना खुला केला. प्रक्षेपक एक वॅटचा, आणि अँटेनासकट ताकद चार वॅटपर्यंत. पोस्टात तिकिटं चिकटवणाऱ्या अब्बांना हे ऐकून नवल वाटलं असतं. मग २०१० उजाडलं. त्या वर्षी नंदन नीलेकणी यांच्या नावाशी जोडलेल्या दोन गोष्टी घडल्या. महामार्गांवरचा टोल कसा घ्यावा हे ठरवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि समितीनं हीच बिनसेलची चिप, हेच मानक सुचवलं. त्यातूनच पुढं २०१४ पासून फास्टॅग आला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत सक्तीचा झाला. गाडीच्या काचेवरचं ते चिटोरं म्हणजे आमच्या गुरुजींचा बिनसेलचा रेडिओच. फरक इतकाच की तो आता उत्तरही देतो. दुसरी गोष्ट आमच्या दाराशी घडली. २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक आदिवासी बंधू-भगिनींना दिले गेले. आधारचा प्रकल्पही नीलेकणींकडेच होता.

टोलनाक्यावर चिपला काही करावं लागत नाही. नाका तिला शोधतो, जागं करतो, वाचतो. वाचता आलं नाही तर नाका पुन्हा प्रयत्न करतो. रेशनच्या दुकानात उलटं आहे. तिथं माणसानं यावं, माणसानं अंगठा द्यावा, कष्टानं झिजलेल्या बोटाचा ठसा उमटला नाही तर पुन्हा यावं, आणि नेटवर्क नसेल तर यंत्र टेकडीवर नेऊन सगळ्यांनी तिच्या पायथ्याशी बसावं. सातपुड्यातल्या पाड्यांना हे नवं नाही. दोन्हीकडे ओळखच पटवायची आहे. एकीकडे सगळं ओझं व्यवस्थेवर आणि दुसरीकडे सगळं ओझं म्हातारीच्या अंगठ्यावर. यंत्राच्या मानकात दुबळ्याची जी काळजी घेतली गेली, ती याही व्यवस्थेत घेता आली असती. पण दुबळ्याच्या बाजूनं विचार करायला त्या टेबलाशी कुणीतरी बसावं लागतं.

बिनसेलच्या यंत्रांची पुढची पायरी म्हणजे कुणी न विचारता स्वतः होऊन बोलणं. जर्मनीत सीमेन्समधून २००१ मध्ये बाहेर पडलेल्या एनोशन कंपनीनं भिंतीवरचं असं बटण केलं की ते दाबण्याच्या बोटाच्या ताकदीतूनच वीज निघते आणि तेवढ्यात एक छोटा संदेश दिव्याकडे जातो. संदेश जितका आखूड तितकी वीज कमी, म्हणून त्यांची भाषा सूत्रमय, एक अक्षर जास्त नाही. २०१२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. ऊर्जेचा सरवा वेचणाऱ्या यंत्रांसाठीच मुद्दाम आखलेलं बिनतारी मानक म्हणून तिचं नाव घ्यावं लागतं. लगेच २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात श्याम गोल्लाकोटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढची मजल मारली. त्यांनी वाचणाराही काढून टाकला. शहरावर टीव्हीच्या मनोऱ्याच्या लहरी पसरलेल्याच असतात. दोन बिनसेलच्या चिपांनी त्याच लहरींचा कवडसा एकमेकींवर पाडून गप्पा मारल्या. हा खराखुरा सरवा. पण वावर मालकाचं. मालकानं पेरणं थांबवलं तर? आपल्याकडे दूरदर्शननं आपले जुने भूप्रक्षेपणाचे बहुतेक मनोरे २०२२ पर्यंत बंद केले. सिएटलमधली ती युक्ती खेड्यातल्या छपरावर मांडायची म्हटली, तर आता लहर कुठली आणायची?

लहर जिथं विरळ आहे तिथल्यांचं काय, हा प्रश्न मानकांच्या बैठकीत आपल्या माणसांनी एकदा मांडला आणि तो ऐकला गेला. तो प्रसंग सांगायलाच हवा. पाचव्या पिढीच्या मोबाइलसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना कसोट्या ठरवत होती. खेड्याची कसोटी म्हणून दोन मनोऱ्यांमधलं अंतर धरलं होतं १७३२ मीटर. आता खेड्यात पावणेदोन किलोमीटरवर मनोरा कोण उभा करील? भारताच्या प्रतिनिधींनी म्हटलं, आमचं खेडं असं मोजा: मनोरा ग्रामपंचायतीत, आणि वाड्या-वस्त्या भोवती तीन किलोमीटरपर्यंत, म्हणजे दोन मनोऱ्यांत सहा किलोमीटर. २०१७ मध्ये ही कसोटी मान्य झाली, आणि जगातल्या प्रत्येक तंत्राला भारतीय खेड्याच्या अंतरावर स्वतःला सिद्ध करणं भाग पडलं.

त्याच सुमारास पालघरमध्ये आयआयटी मुंबईचे अभय करंदीकर आणि त्यांचे सहकारी वेगळी खटपट करत होते. टीव्हीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरीपट्ट्यातून त्यांनी आधी थोड्या आणि मग पंचवीसेक गावांत इंटरनेट पोचवून पाहिलं. गावातला माणूस गाडीत बसून ताशी शंभरच्या वेगानं बोलत नाही, तो ओट्यावर बसून बोलतो. मग धावणाऱ्यासाठी केलेल्या सोयींचा खर्च आणि वीज त्याच्या माथी कशाला? या साध्या प्रश्नावर एक मानक उभं राहिलं. कमी हालचाल, कमी वीज आणि परवडणारं इंटरनेट हे त्याच्या नावातच आहे. जगातल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेनं ते २०२४ मध्ये २०६१ या क्रमांकानं काढलं. करंदीकर पुढं केंद्रीय विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव झाले. पालघरच्या पाड्यांवरच्या ओट्याची आठवण असलेलं जागतिक मानक, म्हणून मला त्याचं अप्रूप आहे.

आणि आता हा इतिहास ज्या वळणावर आहे ते सांगून मी थांबतो. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या जागतिक मंडळानं बिनसेलच्या यंत्रांना मोबाइलच्या जाळ्यात घ्यायचं मनावर घेतलं आहे. २०२३ मध्ये त्यावरचा अभ्यास झाला. त्यात यंत्रांच्या तीन जाती केल्या: काहीच साठवता न येणारं, थोडं साठवणारं पण फक्त आरसा हलवणारं, आणि स्वतःची लहर निर्माण करणारं. सगळ्यात दुबळ्याला एक मायक्रोवॅटच्या आसपास वीज. घरात दहा ते पन्नास मीटर, बाहेर पन्नास ते पाचशे मीटर, अशी अंतरं त्यांनी डोळ्यांपुढं धरली.

आमच्या शहादा परिसरात पपई आणि केळी मोठ्या प्रमाणावर होतात. जमिनीतला ओलावा सांगणारं यंत्र प्रत्येक सरीत पुरायचं, तर दर पावसाळ्यानंतर सेल बदलत कोण फिरणार? हे काम बिनसेलच्या यंत्राचंच. म्हणून मी त्या पाचशे मीटरच्या आकड्याकडे आशेनं पाहत होतो. प्रत्यक्ष नियम लिहायला बसले तेव्हा त्या मंडळानं रिलीज १९ या टप्प्यात आधी घेतलं ते घरातलं, गोदामातलं मोजमाप: खोकी किती, माल कुठं, आणि तेही सगळ्यात साध्या जातीच्या यंत्रानं. उघड्या रानाचा विचार पुढच्या टप्प्यावर, रिलीज २० वर सोपवला आहे. तो लिहिला जात असताना मनोरा आणि सरी यांच्यातलं अंतर किती धरतात, याकडे माझे कान लागले आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)